बॅनरवरचा मामा

बसा. चहा सांगितलाय. तो लॅपटॉप जरा बाजूला ठेवा, नाय तर बंद करा. बंद म्हणजे नीट बंद करा हां, नुसतं झाकण लावू नका. झाकलेलं आणि पुसलेलं यात किती फरक असतो, त्यापायी आमच्या मल्हारीचा जीव कसा टांगणीला लागला होता, ते सांगतो तुम्हाला. चहा थंड होईल, ते आधीच सांगून ठेवतो.

मल्हारी इंदिरानगरचा. सातपूरला एका कारखान्यात स्टोअरकीपर. माणूस सरळ, पण नाकावर माशी बसायला आली तर तिलासुद्धा आधी अर्ज द्यायला लावील असा. त्याची मोठी बहीण लंकाबाई, दिलेली पिंपळगावकडं. तिचा नवरा नवनाथ, म्हणजे मल्हारीचे दाजी. द्राक्षाचा बाग, झुबकेदार मिशा, आणि आवाज असा की या बांधावरून बोलले तर त्या बांधावरचा माणूस हातातलं खुरपं टाकून उभा राहतो.

चार वर्षांपूर्वी दाजींनी वास्तुशांत घातली. आता आपल्या नाशकात बॅनरशिवाय कुठलं कार्य पार पडतं सांगा. पोरगं नववी पास झालं तरी चौकात त्याचं तोंड लागतं, आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्खी भावकी. तर दाजींच्या त्या बॅनरवर मल्हारीचा फोटो होता आधार कार्डावरचा. पार खालच्या कोपऱ्यात, केटररच्या मोबाईल नंबराला टेकून. त्यात उजवा कान कापलेला. मल्हारी पंगतीत बोलला, "दाजी, माझा कान कुठं गेला?" दाजी भरल्या पंगतीत म्हणाले, "कान गेला तर गेला पाव्हणं, नाक तर शाबूत हाय ना!"

पंगत खदाखदा हसली. मल्हारी ताटात जिलेबी टाकून उठला, तो त्या घराची पायरी पुन्हा चढला नाय. भाऊबीजेला लंकाबाईच एकटी यायची इंदिरानगरला. ओवाळायची, काही बोलायची नाय, आणि जाताना जिन्यात डोळे पुसायची. मल्हारी वरून बघायचा. त्यालाही कळायचं हो. पण नाक.

मग लंकाबाईच्या पोरीचं, वैष्णवीचं लग्न ठरलं. नवरदेव मनमाडचा, रेल्वेत. आणि दाजींनी स्वतः फोन केला.

"मल्हारी, पोरीला मामा पाहिजे. बॅनर करतोय. तुझा फोटो तूच पाठव. चांगला पाठव. माझ्या फोटोच्या वर लावतो."

दाजींच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे काय समजता? मल्हारी फोन ठेवून खुर्चीत बसूनच राहिला. बायको संजना म्हणाली, "अहो, काय झालं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाय. दाजी आले," मल्हारी म्हणाला.

आता दुसरा कोणी असता तर स्टुडिओत जाऊन फोटो काढून मोकळा झाला असता. पण मल्हारीच्या डोक्यात वेगळंच शिरलं. त्याला पाहिजे होता चित्रासारखा फोटो. ब्रशनं रंगवल्यासारखा, अर्धं तोंड उजेडात, अर्धं सावलीत, मागं भगवा पिवळा उजेड फाकलेला, डोक्यावर फेटा. आणि तो स्वतःच्या हातानं करायचा. कान दोन्ही. पोरगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर घरात पडलेला होता, त्यात फोटोचं सॉफ्टवेअर होतं. कारखान्यातून आला की चहाचा कप घेऊन मल्हारी त्याच्यापुढं बसायला लागला.

पहिल्या दिवशी तोंड निळं झालं. दुसऱ्या दिवशी मिशी उचलायला गेला, ती कपाळावर जाऊन चिकटली. सुरकुत्या काढायच्या म्हणून हात फिरवत बसला, तर गालाचं पार लोणी झालं. संजनानं बघितलं आणि म्हणाली, "हा कोण, तुमचा मावसभाऊ का?" खालच्या मजल्यावरच्या भागीबाई दळण घेऊन चालल्या होत्या, त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "गोरा कर रे जरा. लग्नाचा फोटो हाय, गुन्हेगार सापडला म्हणून छापायचा नाय." मग त्यांनीही आपला एक फोटो आणून दिला, त्यांच्या गेलेल्या मालकांना शेजारी उभं करून दे म्हणाल्या. मल्हारीनं केलं. मालक भागीबाईंपेक्षा तीस वर्षांनी तरणे दिसायला लागले. भागीबाई आठवडाभर बोलल्या नायत.

शेवटी शेजारची तृप्ती आली. कॉम्प्युटरच्या क्लासला शिकवते ती. तिनं समजावलं, "काका, हे सगळं लेयरवर चालतं. एकावर एक काचा ठेवल्यासारखं समजा. एका काचेवर चेहरा, दुसरीवर फेटा, तिसरीवर उजेड. आणि प्रत्येक लेयरसमोर हा डोळा आहे बघा. डोळा मिटला की लेयर दिसत नाही. पुन्हा दाबला की दिसतो."

हे मल्हारीला लय आवडलं. डोळा मिटला की दिसत नाय! चार वर्षं तो दुसरं काय करत होता?

आता इथं घोटाळा झाला, नीट ऐका. ब्रश चालवायचा हात बसावा म्हणून मल्हारीनं एक फोटो सरावाला घेतला. कुणाचा? दाजींचा. राग माणसाचा एकदम जात नसतो, गाळासारखा खाली बसतो. फोन आला, आनंद झाला, सगळं खरं. पण हातात ब्रश आणि समोर दाजींच्या मिशा म्हटल्यावर त्या भरल्या पंगतीचं हसू कानात वाजलं. आणि मल्हारीनं दाजींच्या डोक्यावर शिंगं काढली.

साधीसुधी नाय काढली. शेतकऱ्याचं पोर ते. पोळ्याला बैल सजवतात तशी काढली. बाकदार, हिंगुळानं रंगवलेली, टोकांना पितळी शेंब्या, खाली लाल हिरवे गोंडे. चार वर्षांचा सगळा राग त्यात ओतला, म्हणून ती शिंगं अशी काही उतरली की काय सांगू. सगळ्या उद्योगात तेवढं एकच काम त्याच्या हातून अस्सल झालं. तो मागं टेकून बघत होता आणि एकटाच हसत होता, तेवढ्यात संजना पोह्यांची ताटली घेऊन आत आली. मल्हारीनं घाईघाईत दोन चार बटणं दाबली. दाजी गायब. शिंगं गायब. त्याला वाटलं, चला, दोन्ही लेयरचे डोळे मिटले. आणि तो ते विसरूनही गेला.

मग त्याच फाईलमध्ये त्यानं स्वतःचा फोटो पुरा केला. खोटं कशाला बोलू, बरा झाला होता. भारदस्त. संजनासुद्धा म्हणाली, "आता जरा तुमच्यासारखे दिसता. थोडे जास्तच." बॅनरवाला लखन फोनवर म्हणाला, "मामा, नुसता फोटो पाठवू नका, लेयरसकट उघडी फाईल पाठवा. मला मागचं कापून तुम्हाला बॅनरवर बसवता आलं पाहिजे." मल्हारीनं फाईल पाठवली. आणि मानी माणूस, राहवलं नाय म्हणून परत फोन केला. "लखन, फेटा नीट दिसतोय ना? नीट बघ हां. फेटा महत्त्वाचा."

हळदीचा दिवस आला. संध्याकाळी ओझरच्या अलीकडं हायवेला एका लॉन्सवर हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. मनमाडची मंडळी हळदीलाच येणार होती. मल्हारी इस्त्रीचे कपडे घालून जिन्यात उभा, संजना गजरा लावतेय. तृप्ती वर येत होती. सहज म्हणाली, "काका, फाईल दिली ना? लपवलेले लेयर काढून टाकलेत ना आधी? नाहीतर समोरचा डोळे उघडतो आणि सगळं दिसतं."

मल्हारीचा हात कठड्यावर होता, तो तिथंच राहिला.

"म्हणजे मिटलेलं... जात नाय?"

"जात कुठं, काका? असतंच की. नुसतं दिसत नाही."

मल्हारीच्या डोळ्यांसमोर तो बॅनरच उभा राहिला. दाजी, दहा फुटी बॅनरवर, मुलीच्या लग्नात, व्याह्यांसमोर, डोक्यावर पोळ्याची शिंगं. आणि ती कुणी काढली हे विचारायचीसुद्धा गरज नाय, फाईल मल्हारीची. या वेळी दार मिटलं तर ते काय पुन्हा उघडणार नव्हतं. भाऊबीजेलाही लंकाबाई येणार नव्हती. जिन्यात डोळे पुसायलासुद्धा नाय.

त्यानं लखनला फोन लावला. पाठीमागं टेम्पोचा घरघराट.

"लखन! तो बॅनर छापला का?"

"छापला? मामा, टेम्पोत हाय, मीच घेऊन चाललोय. काय तुमचं डिझाइन! आजपर्यंत असं कुणी केलं नाय!"

"त्यात दाजी... दाजी कसे दिसतायत?"

"दाजी? दाजी तर बघतच राहतील! लोक म्हणतील—"

आणि फोन कट. पुन्हा लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना.

"बस गाडीवर," मल्हारी संजनाला म्हणाला.

"अहो, गजरा—"

"गजरा वाटेत लाव!"

आता इंदिरानगरचा तो बोगदा तुम्हाला माहितीच आहे. एरवी तिथं माणूस अडकला तर घरच्यांना फोन करून जेवून घ्या म्हणतो. त्या दिवशी मधोमध एक रिक्षा बंद पडलेली आणि दोन्ही बाजूंनी शंभर माणसं रिक्षावाल्याला सल्ला देतायत. मल्हारी हॉर्न वाजवतोय. पुढचा मोटारसायकलवाला मागं वळून म्हणतो, "काका, उडून जा की वरून!" मागून संजना विचारतेय, "पण झालंय काय?" मल्हारीनं शेवटी सांगितलं.  द्वारकेच्या सिग्नलला ती बोलली, "पोहे घेऊन आले तेव्हा हसत होतात ते हेच का?" मल्हारीनं हॉर्न वाजवला. आडगाव गेलं. संजना म्हणाली, "गोंडेसुद्धा काढलेत?" मल्हारी म्हणाला, "लाल हिरवे."  त्यावर पाठीवरचा हात तिनं काढून घेतला, आणि मागचा लोखंडी दांडा धरला.

लॉन्सच्या गेटात टेम्पो उभा होता. वर बांबूच्या चौकटीला बॅनर बांधलेला, पण वरच्या वर गुंडाळलेला. अजून सोडला नव्हता! मल्हारीच्या जिवात जीव आला. खाली लॉन्सचा मॅनेजर आणि दाजी भांडत होते. लखन शिडीवर दोरी धरून बसलेला.

मॅनेजर म्हणत होता, "परवानगीची पावती दाखवा. हायवेला तोंड करून बॅनर लावायचा तर पावती लागते."

दाजी गरजले, "मंडपाची दिली, जेवणाची दिली, आता माझ्या मेव्हण्याच्या तोंडाची पण पावती देऊ का तुला?"

मल्हारी गाडी स्टँडवर न लावताच धावला. गाडी संजनासकट कलली. "बरोबर आहे साहेबांचं!" तो ओरडला. "नियम म्हणजे नियम! पावती नाय तर बॅनर नाय!"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. मॅनेजरसुद्धा. त्याच्या बाजूनं आजवर कुणी बोललं नसावं, तो जरा घाबरलाच.

दाजी म्हणाले, "मल्हारी? चार वर्षांनी तोंड दाखवतोस आणि याच्या बाजूनं बोलतोस?"

"दाजी, बॅनर राहू द्या हो. बॅनरचं काय एवढं. आपण माणसं महत्त्वाची."

"तू? तू म्हणतोस बॅनरचं काय एवढं?" दाजींचा आवाज एकदम खाली आला. मोठा आवाज परवडला हो, तो खाली आलेला नाय परवडत. "तुझा फोटो माझ्या वर लावलाय मी. आजपर्यंत कुणाचा लावला नाय. ह्या माणसाशी तासभर भांडतोय, कशासाठी? कान गेला त्या दिवशी मी बोलायला नको होतं ते बोललो, म्हणून. आणि तू म्हणतोस राहू द्या."

लंकाबाई हळदीची वाटी घेऊन मांडवातून बाहेर आली होती. भावाला बघून तिचं तोंड फुललं होतं, ते हे ऐकून उतरलं. "आला नसतास तरी चाललं असतं रे," ती म्हणाली. "पण आल्यावर असं?"

मल्हारीला रडायचं की पळायचं कळेना. खरं बोलावं तर आत्ताच सगळं संपतं. गप्प बसावं तर बॅनर उघडल्यावर संपतं. त्यानं मान वर करून लखनला डोळ्यानं, हातानं, सगळ्यानं खुणावलं, सोडू नको. लखनला वाटलं, सोड म्हणतायत. तेवढ्यात हायवेवरून मनमाडच्या गाड्या आत वळल्या, बँडवाल्यानं ताशावर काडी टाकली, मॅनेजर पाहुणे बघून बाजूला झाला, आणि लखननं दोरी ओढली.

बॅनर धाडकन खाली उलगडला.

मल्हारीनं डोळे मिटले होते. ताशा थांबला.  मग भागीबाईंच्या वयाची कुणीतरी म्हातारी म्हणाली, "अगं बया!"

मल्हारीनं एक डोळा उघडला. दाजींचा फोटो होता. मिशा होत्या, टोपी होती, डोकं साफ होतं. एकही शिंग नाय. मल्हारीचा दुसरा डोळा उघडला. त्याच्या वर, मधोमध, पिवळ्या उजेडात, मल्हारी स्वतः. अर्धं तोंड उजेडात, अर्धं सावलीत. कान दोन्ही. डोक्यावर फेटा. आणि फेट्यातून वर, दोन्ही बाजूंना हात हात लांब, हिंगुळी शिंगं, पितळी शेंब्या, लाल हिरवे गोंडे.

कळलं ना? संजना पोहे घेऊन आली तेव्हा दाजींचा फोटो डोळा मिटून लपला नव्हता, पुरता पुसला गेला होता. लपली होती ती फक्त शिंगं. आणि लपलेल्यानं आपलं डोकं शोधलं.

दाजींनी लखनची शिडी धरून हलवली. लखन खाली आला तो दाजींच्या हातातच. "माझ्या मेव्हण्याला शिंगं? माझ्या दारात? पोरीच्या मामाला?" दाजींनी त्याची कॉलर धरली. "हा अपमान त्याचा नाय, माझा हाय!"

"आईशप्पथ दाजी, फाईलमध्येच होती!" लखन ओरडला. "मामांनीच विचारलं फेटा दिसतोय का. फेट्याचा डोळा मिटलेला होता. मी वरून खाली सगळेच डोळे उघडले. मला वाटलं डिझाइन हाय! लोक वाघ लावतात, सिंह लावतात!"

दाजींचा हात वर गेला. आणि मल्हारीनं तो धरला.

"सोडा त्याला. शिंगं मी काढलीत."

"तू? स्वतःला?"

"दाजी, ती खरं तर..." मल्हारीनं आजूबाजूला बघितलं. मनमाडची मंडळी गाडीच्या दारात उभी. वैष्णवी मांडवाच्या तोंडाशी, हातात हिरवा चुडा, मामाकडं बघतेय. "ती स्वतःला नव्हती काढली. ती..."

"स्वतःलाच काढली असणार," लंकाबाई म्हणाली. पुढं आली, आणि येता येता तिनं मल्हारीच्या पायावर असा पाय दिला की त्याचं पुढचं वाक्य पोटातच राहिलं. "लहानपणापासनं सवय हाय त्याला. ज्याच्यावर राग यायचा त्याला शिंगं काढायचा, शाळेची भिंत भरवली होती. आता चार वर्षं बहिणीच्या दारात आला नाय, म्हणून स्वतःवरच रागावला असंल. होय ना रे?"

मल्हारीनं मान हलवली. दुसरं काय हलवणार.

दाजी त्याच्याकडं बघत राहिले. मग मिशीत हसले, आणि मल्हारीला असं कवळ्यात घेतलं की इस्त्रीचं पार वाटोळं झालं. "येड्या," ते म्हणाले, "एवढं मनाला लावून घ्यायचं?" मग स्वतःच्या डोक्यावरचा फेटा सोडला आणि शिडी चढले. द्राक्षाचा माणूस, तारेवर वेल बांधणं म्हणजे त्याचा रोजचा धंदा. बॅनरवरच्या मल्हारीच्या डोक्याभोवती त्यांनी तो खरा फेटा चौकटीच्या बांबूला बांधत असा गुंडाळला की शिंगं आत झाकली गेली. गोंडे तेवढे दोन्ही बाजूंनी लोंबत राहिले. मनमाडचे व्याही खाली उतरले, बघतच राहिले. म्हणाले, "वा! मामाचा मान करावा तर नाशिककरांनी!" त्यांच्यातल्या दोघांनी लखनचा नंबर घेतला.

हळद लागली. हळद लावताना लंकाबाई भावाच्या कानाशी वाकली. हळूच म्हणाली, "मारका बैल कोण, ते मला पंचवीस वर्षं ठाऊक हाय. पण शेंब्या छान काढल्यास हो." आणि त्याच्या नाकाला हळदीचं बोट लावून गेली.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण गेल्या आठवड्यात दाजींचा फोन आला मल्हारीला. म्हणाले, पोळा आलाय, वेशीत बॅनर लावायचाय. दोघांचा. शेजारी शेजारी. "आणि ऐक, मलाही तुझ्यासारखीच शिंगं काढ. एकट्यालाच काय शोभा!"

तेव्हापासून मल्हारी रोज कारखान्यातून येऊन त्या कॉम्प्युटरपुढं बसतोय. दाजींचा फोटो उघडतो, ब्रश हातात घेतो, आणि बसून राहतो. एक रेघ निघत नाय. काल म्हणाला मला, रागात किती सोपं होतं रे.

म्हणून तुम्हाला चहा पाजला. हा घ्या पेनड्राइव्ह, दोघांचे फोटो यात आहेत. तुम्ही फोटोचं काम करणारे, ना मल्हारीचे ना दाजींचे, तुमचा हात अडायचा नाय. तेवढी दाजींची शिंगं काढून द्या. बाकदार काढा, गोंडे लाल हिरवेच ठेवा. आणि हो, एवढं काम तेवढं एकाच लेयरवर करा.